विदेशी मद्याची आयात आणि बाटलीबंदी: परवाने कोणत्या क्रमाने काढायचे

न्हावा शेवाला कंटेनर उतरला, सीमाशुल्क भरलं, आता माल आपला, अशा समजुतीने या धंद्यात उतरणारे बरेच जण असतात. खेळणी किंवा यंत्रांचे सुटे भाग मागवले असतील तर ते खरंही आहे. मद्याचं तसं नाही. कस्टम्सच्या फाटकाबाहेर पडलेली बाटली महाराष्ट्राच्या हद्दीत राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कागदाशिवाय असेल, तर तिच्यावरचा सगळा कर भरलेला असूनही ती बेकायदा ठरते.

म्हणून या लेखात सगळ्यात जास्त भर क्रमावर आहे. माल जहाजातून बंदरात, तिथून गोदामात आणि शेवटी दुकानात जातो. परवाने मात्र उलटीकडून, दुकानाच्या टोकाकडून काढत यायचे. जहाजाचं बुकिंग सर्वात शेवटी. हा क्रम चुकला की माल बंदरात पडून राहतो आणि दिवसागणिक मीटर पळत राहतो.

एका बाटलीवर दोन सरकारं

परदेशातून माल देशात आणणं आणि त्यावर सीमाशुल्क घेणं हा केंद्राचा विषय. मद्य तयार करणं, जवळ बाळगणं, वाहून नेणं, विकत घेणं आणि विकणं हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीचा, म्हणजे राज्याचा विषय. मानवी सेवनासाठीचं मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे आयातीवर आयजीएसटी लागत नाही. त्या जागी राज्याचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट येतो.

आपल्याकडे पाया आहे १९४९ चा दारूबंदी कायदा. नावातच बंदी आहे आणि रचनाही तशीच आहे. कलम १२ मद्याची निर्मिती, आयात, वाहतूक, बाळगणं, खरेदी-विक्री या सगळ्याला सरसकट मनाई करतं. कलम १३ विक्रीसाठी मद्य बाटलीत भरण्याला वेगळी मनाई करतं. परवाना म्हणजे या मनाईतून दिलेली सूट. हे डोक्यात पक्कं बसलं की अधिकारी प्रत्येक पायरीवर कागद का मागतात, याचा राग येत नाही. तिथे ‘बंदी नाही, म्हणजे चालेल’ असं नसतं. ‘लिहून दिलेलं नाही, म्हणजे चालणार नाही’ असंच असतं.

यातली एक गंमत सांगतो. सीमाशुल्क कायद्याचं (१९६२) कलम ६५ बॉन्डेड गोदामात, म्हणजे सीमाशुल्क भरण्याआधी माल ठेवतात त्या गोदामात, मालावर प्रक्रिया करायला परवानगी देतं. दारूबंदी कायद्याचं कलम ६५ बेकायदा आयात, निर्मिती आणि बाटलीबंदीला शिक्षा सांगतं. कुणी ‘पासष्टखाली काम चालू आहे’ म्हणालं, तर कोणत्या कायद्याचं ते जरूर विचारावं.

आधी हे ठरवा: बाटल्या आणायच्या की टँक?

धंद्यात दोन शब्द रोज कानावर पडतात. बीआयओ म्हणजे मूळ देशातच बाटलीबंद झालेला माल. बीआयआय म्हणजे सुटं मद्य टँकमधून आणून भारतात बाटलीत भरलेला माल. तिसरा प्रकार मिश्रणाचा: आयात केलेलं माल्ट स्पिरिट थोडं, बाकी देशी ईएनए, म्हणजे शुद्ध तटस्थ मद्यार्क. हा तिसरा प्रकार भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यात मोडतो आणि त्याला स्कॉच म्हणता येत नाही.

टँक आणण्यामागचं गणित सोपं आहे. सीमाशुल्क मालाच्या किमतीवर लागतं आणि त्या किमतीत भाडं आणि विमाही धरतात. बाटलीबंद माल आणला, तर काच, बूच, खोका आणि त्यांनी जहाजात अडवलेली जागा या सगळ्यावर तेवढ्याच टक्क्यांनी कर भरावा लागतो. टँकमध्ये कर फक्त आतल्या द्रवाच्या किमतीवर. बदल्यात तुम्हाला बाटलीबंदीचा कारखाना उभारावा लागतो किंवा परवानाधारक कारखान्याशी करार करावा लागतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी बीआयओ करावं, दोन वर्षं कागदांची सवय होऊ द्यावी आणि मगच टँकचा विचार करावा, असं माझं मत आहे.

मूळ देशाचे नियमही वाचा. सिंगल माल्ट स्कॉच टँकमधून येऊच शकत नाही. २३ नोव्हेंबर २०१२ पासून ते बाटलीबंद होऊनच स्कॉटलंडबाहेर जाऊ शकतं. ब्लेंडेड स्कॉच सुटं येतं, पण लाकडी पिंपातून नाही. ते इथे आणून शक्ती, म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण, कमी करायला पाणी आणि रंगासाठी साधं कॅरमेल एवढंच घालता येतं. आणखी काही मिसळलं की स्कॉच हे नाव गेलं. स्कॉच व्हिस्कीला भारतात भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे ही चूक तिकडे नाही तर इथल्या कोर्टात महागात पडते.

वाहतुकीतही फरक आहे. २४ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेय सागरी नियमांत ज्वालाग्राही द्रव म्हणून मोडतं, धोकादायक मालाच्या यादीतला यूएन क्रमांक ३०६५. २५० लिटरपर्यंतच्या भांड्यांना ७० टक्के शक्तीपर्यंत सूट आहे, म्हणून बाटल्यांचा कंटेनर साध्या मालासारखा येतो. टँकला ती सूट नाही. वाइन फ्लेक्सिटँकमधून, म्हणजे कंटेनरमध्ये पसरलेल्या मोठ्या पिशवीतून आणता येते. व्हिस्कीला आयएसओ टँकच, म्हणजे कंटेनरच्या मापाची धातूची टाकी, लागतो आणि सोबत धोकादायक मालाची घोषणा.

पायरी १: राज्याचा परवाना

बाटलीबंद माल आणून दुकानांना आणि परमिट रूमना पुरवायचा असेल, तर १९५३ च्या विदेशी मद्य नियमांखालचा एफएल-१ परवाना लागतो. किरकोळ दुकान एफएल-२ आणि परमिट रूम एफएल-३. तुमच्याकडे स्वतःचा एफएल-१ नसेल, तर ज्याच्याकडे आहे त्याच्याशी लेखी करार हवा. परवाना मिळण्याआधी गोदामाची जागा, तिचा नकाशा, मालकीचे किंवा भाड्याचे कागद, भागीदारांची चारित्र्य पडताळणी आणि थकबाकी नसल्याचे दाखले लागतात. अर्ज जिल्हा अधीक्षकांच्या कार्यालयातून वर जातो. नकाशा एकदा मंजूर झाला की भिंत सरकवणं तर सोडाच, नवं दार काढायलाही परवानगी लागते. नवे लोक हमखास इथे अडकतात.

बाटलीबंदीसाठी १९६६ चे, मद्यार्क आणि पिण्याच्या मद्याच्या निर्मितीचे नियम लागू होतात. त्याखालच्या परवान्याला सगळे पीएलएल म्हणतात. जागेत स्पिरिटची साठवण, मिश्रणाच्या टाक्या, भरणी आणि तयार मालाचं गोदाम हे विभाग स्पष्ट वेगळे दाखवावे लागतात. प्रत्येक टाकी मोजून तिचा तक्ता प्रमाणित करून घ्यावा लागतो. आवारात उत्पादन शुल्क विभागाच्या कर्मचाऱ्यांसाठी कार्यालय द्यावं लागतं आणि त्यांच्या देखरेखीचा खर्च परवानाधारकाकडून वसूल होतो. हा खर्च प्रकल्प अहवालात विसरू नका. भरणी महिन्यातून चारच दिवस झाली तरी तो थांबत नाही.

याबरोबर, आणि शक्य तर आधीच, बाकीचे कागद: कारखान्याची नोंदणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला, एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) उत्पादन परवाना आणि वैधमापन (वजन-मापं) विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी. यातली प्रदूषण मंडळाची संमती आणि अग्निशमनचा दाखला सगळ्यात जास्त वेळ खातात.

पायरी २: लेबल

माझ्या मते ही सगळ्यात दुर्लक्षित पायरी आहे. कंपनी परदेशात छापलेल्या सुंदर लेबलच्या प्रेमात असते आणि इथल्या मजकुराला जागाच उरलेली नसते.

एफएसएसएआयचे मद्यपेयांसाठीचे २०१८ चे नियम १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत. अल्कोहोलची टक्केवारी, मद्याचा प्रकार आणि सेवन आरोग्याला हानिकारक असल्याचा, पिऊन गाडी न चालवण्याचा ठरावीक शब्दांतला इशारा लेबलवर असावाच लागतो. आरोग्याला फायद्याचं असल्याचा कोणताही दावा चालत नाही. वाइनमध्ये सल्फाइट ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तसं लिहावं लागतं. वैधमापन नियमांसाठी आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, निव्वळ प्रमाण, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क हवा. आणि राज्यासाठी ‘फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी’ असा शिक्का व मराठीतला इशारा. ब्रँड आणि लेबल राज्याकडून मंजूर करून घ्यावं लागतं आणि कमाल किंमतही तिथेच ठरते.

काही गोष्टी भारतात आल्यावर स्टिकरने दुरुस्त करता येतात: आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो आणि परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह. घटक पदार्थ, बॅच क्रमांक किंवा अल्कोहोलची टक्केवारी मूळ लेबलवरच नसेल, तर स्टिकर वाचवत नाही. एका आयातदाराने मूळ लेबलवरच्या बॅच क्रमांकावरच एमआरपीचा स्टिकर चिकटवला होता. माल उत्तम, कागद उत्तम, आणि हजारो बाटल्यांचे स्टिकर नखांनी खरवडून काढायची वेळ आली. छापायला टाकण्याआधी लेबलचा नमुना प्रत्यक्ष बाटलीवर, सगळ्या स्टिकरांसह, लावून बघा. बाटलीचा आकारही तपासा: युरोपात ७०० मिलिलिटर चालतं, आपल्याकडे सवय ७५० ची आहे. ज्या मापाला राज्याची मंजुरी नाही, ते मागवू नका.

पायरी ३: केंद्राचे कागद

ही पायरी त्यामानाने झटपट होते. डीजीएफटीकडून (विदेश व्यापार महासंचालनालयाकडून) आयईसी, म्हणजे आयातदार-निर्यातदार क्रमांक, परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेचा एडी कोड कस्टम्सकडे नोंदवणं, आयसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर नोंदणी आणि एफएसएसएआयचा आयातदाराचा केंद्रीय परवाना. कस्टम्स ब्रोकर मद्याचं काम केलेलाच निवडा. स्वस्त मिळाला म्हणून यंत्रसामग्रीवाला घेतलात, तर त्याचं शिक्षण तुमच्या पैशाने होईल.

विक्रेता तुमच्याच समूहातली परदेशी कंपनी असेल, तर व्यवहाराची किंमत खरी आहे का हे कस्टम्सची विशेष मूल्यांकन शाखा तपासते. दर कसा ठरला याची कागदपत्रं आधीपासून एका जागी ठेवा.

पायरी ४: माल निघण्याआधीची शेवटची तपासणी

राज्याची आयात आणि वाहतुकीची परवानगी, लेबलची मंजुरी आणि बॉन्डेड गोदामात जागा असल्याची लेखी खात्री हातात आल्याशिवाय ‘पाठवा’ म्हणू नका. बिअर मागवत असाल तर आणखी एक: आयातीच्या वेळी मालाच्या टिकण्याच्या मुदतीपैकी ६० टक्के किंवा किमान तीन महिने, यांतलं जे कमी असेल तेवढं शिल्लक असावं लागतं. १० टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असलेल्या मद्याला मुदतीची तारीखच लागत नाही, त्यामुळे व्हिस्कीवाल्यांना ही काळजी नाही. बिअरवाल्याने मात्र बॅचची तारीख विचारल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

मुक्त व्यापार कराराची सवलत घ्यायची असेल तर उत्पत्ती प्रमाणपत्र आणि २०२० च्या कॅरोटार नियमांनुसार (माल खरंच त्या देशातला आहे हे दाखवण्याचे नियम) लागणारी माहिती इथेच मिळवा. माल उतरल्यावर परदेशी विक्रेत्याला ईमेल पाठवत बसणं हा वाईट मार्ग आहे.

पायरी ५: बंदर आणि बॉन्ड

बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडचा आयातीचा अर्ज, जहाज पोहोचण्याच्या आदल्या दिवशी संपेपर्यंत भरायचं असतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये. अर्ज भरताच सिंगल विंडोतून एफएसएसएआयकडे जातो. त्यांचा अधिकारी लेबल बघतो, नमुना घेतो, प्रयोगशाळेचा अहवाल आला की ना हरकत देतो. नमुना नापास झाला तर माल परत पाठवणं किंवा नष्ट करणं एवढेच रस्ते उरतात.

सगळं शुल्क एकदम भरण्याऐवजी बहुतेक जण माल बॉन्डेड गोदामात टाकतात. ‘बंदरातच बाटलीबंदी’ असं लोक म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा हेच गोदाम असतं. धक्क्यावर कुणी बाटल्या भरत नाही. कलम ५९ खाली शुल्काच्या तिप्पट रकमेचा बंध लिहून द्यावा लागतो. साठवण्याची मुदत एक वर्ष, पण ९० दिवसांनंतर शुल्कावर व्याज सुरू होतं, दर वर्षाला १५ टक्के. ड्यूटी फ्री दुकानं, जहाजांचा आणि विमानांचा पुरवठा किंवा दूतावासांसाठीचा माल असेल, तर तो कलम ५८अ च्या, कस्टम्सच्या कुलपातल्या विशेष गोदामात जातो.

आकडे एकदा हाताने मांडून बघा. समजा मालाची करपात्र किंमत १,००,००० रुपये. स्पिरिट आणि वाइनवर मूळ सीमाशुल्क ५० टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर १०० टक्के, मिळून दीडशे. म्हणजे शुल्क १,५०,००० आणि बंध ४,५०,००० चा. अमेरिकी बर्बन व्हिस्कीसाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये एकूण भार १०० टक्क्यांवर आला. ऑस्ट्रेलियाशी केलेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यात बाटलीमागे ५ अमेरिकी डॉलरपेक्षा महाग वाइनवर शुल्क सुरुवातीला १०० टक्के आणि १५ डॉलरपेक्षा महाग वाइनवर ७५ टक्के झालं, पुढे ते दरवर्षी उतरतं. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला झालेल्या करारात स्कॉचसाठी आधी ७५ आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्के असं ठरलं आहे. सवलतीचा दर आपोआप लागत नाही. अर्जात दावा करावा लागतो.

स्टिकर लावण्याचं काम बॉन्डमध्येच उरकायचं. मग लागेल तेवढ्याच पेट्यांसाठी एक्स-बॉन्ड बिल (गोदामातून माल सोडवण्याचा अर्ज) भरा, तेवढ्याचंच सीमाशुल्क भरा, राज्याचं उत्पादन शुल्क भरा आणि वाहतूक पास घ्या. महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क नोव्हेंबर २०२१ मध्ये ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं. चोरटी आणि बनावट स्कॉच कमी व्हावी हा हेतू होता. पासवर गाडीचा क्रमांक, मार्ग आणि मुदत असते. गाडी बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत घालायचा झाला, तर आधी विभागाला कळवा, मग पेटीला हात लावा.

पायरी ६: टँक उघडल्यावर

बाटलीबंदीवाल्यांचा खरा हिशेब इथे सुरू होतो. टँक कारखान्यात आला की सील तपासलं जातं आणि प्रमाण व शक्ती मोजली जाते. मोजताना तापमान लिहायला विसरू नका. ६० टक्के शक्तीच्या स्पिरिटचं आकारमान १० अंशांच्या फरकाने जवळपास एक टक्का बदलतं. २४,००० लिटरच्या टँकला हा फरक दोनशे लिटरच्या आसपास जातो. सगळे आकडे २० अंशांवर आणून तुलना केली नाही, तर कागदावर तूट दिसते, आणि तुटीवरचं शुल्क तुमच्याच नावावर.

राज्याचा हिशेब प्रूफ लिटरमध्ये चालतो. १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के अल्कोहोल. आपल्याकडची नेहमीची ४२.८ टक्क्यांची बाटली ७५ प्रूफची. ७५० मिलिलिटरच्या १२ बाटल्यांची पेटी म्हणजे ९ लिटर, पण ६.७५ प्रूफ लिटर. वरच्या टँकमध्ये सुमारे २५,२०० प्रूफ लिटर असतात. पाणी घालून ते ४२.८ वर आणलं की साधारण ३३,६०० लिटर, म्हणजे ३,७०० च्या थोड्या वर पेट्या. पाणी नुसत्या वजाबाकीपेक्षा थोडं जास्त लागतं, कारण अल्कोहोल आणि पाणी मिसळल्यावर आकारमान आक्रसतं. नव्या ब्लेंडरला हे पहिल्याच बॅचला कळतं.

मिश्रण, नमुना, भरणी आणि पेट्या मोजणं हे सगळं विभागाच्या कर्मचाऱ्यांसमोर आणि नोंदवहीत. भरणीत थोडी घट मान्य असते. मर्यादेपलीकडची घट शुल्कासह भरावी लागते. फुटलेल्या बाटल्या टाकून देऊ नका, मोजून दाखवा.

सीमाशुल्क न भरता बॉन्डमध्येच बाटल्या भरायच्या असतील, तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम ६५ ची परवानगी आणि २०१९ चे मूवर नियम (बॉन्डेड गोदामातल्या उत्पादनाचे) आहेत. तयार माल देशात विकला तर त्यात गेलेल्या आयात मद्याचं शुल्क बाहेर काढताना भरायचं, निर्यात केला तर भरायचं नाही. पीएलएलची गरज त्यामुळे टळत नाही. एकाच छताखाली दोन विभागांच्या वह्या चालतात आणि त्यांचे आकडे रोज जुळावे लागतात. माल मुख्यतः निर्यातीचा असेल तरच हा व्याप परवडतो.

परराज्यात पाठवताना

एका राज्याचं लेबल दुसऱ्या राज्यात चालत नाही. गोव्याला जाणाऱ्या मालाला तिथलं लेबल, तिथली आयात परवानगी आणि इथला निर्यात पास हवा. मार्ग आखताना नकाशाबरोबर कायदाही बघा: गुजरातमध्ये दारूबंदी आहे, बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून आहे. त्यांच्या हद्दीतून नुसतं जायचं असलं तरी त्या राज्याचा पारगमन कागद सोबत नसेल, तर गाडी, माल आणि चालक तिन्ही अडकतात.

शेवटी तारखेचं. परवाने आर्थिक वर्षाला बांधलेले असतात आणि ३१ मार्चला संपतात. नूतनीकरणाची रक्कम आणि अर्ज फेब्रुवारीतच तयार ठेवा, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बंदरात पोहोचेल असा कंटेनर मागवू नका. जुन्या वर्षाच्या लेबल मंजुरीवर आलेला माल १ एप्रिलला बॉन्डमधून बाहेर काढायला गेलात, तर नवी मंजुरी येईपर्यंत तो तिथेच थांबतो, आणि ९० दिवस मोजणं चालूच असतं.